रोटाची कणीक आणि आईचं सिंक

कुणाच्या वाट्याला गोड गळा येतो, कुणाच्या वाट्याला वळणदार अक्षर. माझ्या वाट्याला सिंक आलं. साठी जवळ आली, धुळ्यात स्वतःचं घर झालं, तरी सुनेचा फोन येतो तो माझी तब्येत विचारायला नव्हे. "आई, पाणी उतरतच नाहीये." मी विचारते, काल काय टाकलं होतं? "काहीच नाही." हे 'काहीच नाही' मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. ज्या घरातलं सिंक तुंबतं त्या घरात आदल्या दिवशी कुणी काही केलेलं नसतं. भाताची शितं आपल्या पायांनी चालत जातात, चहाचा चोथा वाऱ्याने उडतो आणि तूप तर आकाशातून पडतं. मग मी खुर्ची ओढून बसते आणि फोनवरून सांगायला लागते, आधी खाली बादली ठेव, मगच नळीची फिरकी सोड. निम्म्या वेळा ती आधी फिरकी सोडते आणि मग बादली शोधायला जाते.

तर हे सगळं जिथून सुरू झालं ते घर जळगावला मेहरूणमध्ये होतं. वरचा मजला आमचा, खाली मालक. दोन खोल्या, पुढे गॅलरी, आणि मागे स्वयंपाकघर. वडील कालव्यांच्या कामावर सुपरवायझर होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे म्हणून आम्हीही नाना म्हणायचो. मैलोन् मैल शेतांना पाणी पोचवणारा हा माणूस घरातल्या हातभर नळीतून पाणी जाईना की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "उतार चुकलाय." उतार चुकला नव्हता. सकाळी दात घासताना ते सुपारीचं भुसकट त्यात थुंकत, हे चुकत होतं. पण ते नानांना कोण सांगणार?

सिंक यायच्या आधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती. आई तिथे उकिडवी बसून तिन्ही त्रिकाळ भांडी घासायची. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर तिची कंबर जी धरली ती सुटलीच नाही. उठताना ती एक हात भिंतीला, एक हात नळाला लावून, श्वास रोखून, टप्प्याटप्प्याने उठायची. एकदा मी शाळेतून आले तर ती मोरीत ओल्या फरशीवर तशीच बसलेली, हाताला राख, समोर नळ चालू. उठताना कळ आली म्हणून खाली बसली होती आणि मग तिला उठताच आलं नव्हतं. किती वेळ बसली होती ते तिने सांगितलं नाही. मी तिला काखेत हात घालून उभी केली तेव्हा ती रडली नाही, पण मला फार भीती वाटली होती. त्यानंतर तिने नानांच्या मागे लकडा लावला. आई सहसा काही मागायची नाही. धुळ्याला माहेरी जायचं असलं तरी "जमलं तर" असं म्हणायची. या वेळी मात्र जेवायला वाढताना, चहा देताना, कपडे वाळत घालताना एकच पालुपद, उभ्याने भांडी घासता आली पाहिजेत. शेवटी नाना कंटाळले. मोरी बुजवली, कडप्प्याचा ओटा झाला, आणि त्यात स्टीलचं सिंक बसलं. आमच्या आख्ख्या नात्यात पहिलं.

आता कुणाला वाटेल की सुखाचे दिवस आले. आईच्या कमरेला आले, माझ्या नाही. कारण मोरी ही सोसणारी बाई असते, तिच्यात काहीही ओता. सिंक तसं नसतं. त्याच्याखाली बाटलीसारखा एक भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं, म्हणून गटारीचा वास वर येत नाही. आणि जे जड असेल ते नेमकं तिथेच जाऊन बसतं. आमच्या घरचं सगळंच जड. आई भांडी राखेनेच घासायची. पावडर आणली तर म्हणायची, "हिच्याने चिकट निघत नाही." थंडीत भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, घरभर तो गोडसर धुराचा वास, आणि मग त्या काड्यांची राख, वांग्यांची करपलेली सालं, भरतावरच्या फोडणीचं तेल, सगळं एकापाठोपाठ सिंकमध्ये. रविवारी वरण-बट्टी. बट्टी म्हटली की तूप, ताटातून ओघळेल इतकं तूप. गरम असताना ते पाण्यासारखं वाहून जायचं आणि ट्रॅपमध्ये जाऊन थिजायचं, त्यावर राख बसायची, त्यावर चहाचा चोथा. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवला की पातेलं विसळलेलं पाणी ओतायचं, ते तर खळच. त्या सगळ्याचा जो गोळा व्हायचा त्याने भिंत बांधता आली असती.

पहिल्यांदा प्लंबर आला. त्याने फिरकी सोडली, गोळा काढला, फिरकी लावली, गेला. दुसऱ्यांदा तुंबलं तेव्हा नाना म्हणाले, "एवढ्याशासाठी काय बोलवायचं त्याला?" आणि माझ्याकडे पाहिलं. भाऊ लहान होता, शिवाय मुलगा होता. मी सिंकखाली शिरले ती शिरलेच. खाली बादली, हाताला जुनं फडकं, फिरकी हाताने सोडायची, पान्याने नाही, नाहीतर आटे जातात. आतलं रबरी वॉशर काढून लगेच वाटीत ठेवायचं, कारण ते हरवलं की रात्रभर टपटप. जुन्या दातब्रशने ट्रॅप घासायचा, परत लावायचा, वरून तांब्याभर पाणी सोडून खालून हात फिरवायचा, कोरडा निघाला तर झालं. मग वर येऊन सगळ्यांना बजावायचं, की यात राख टाकू नका, ताट आधी कागदाने पुसा, तूप टाकू नका, जाळी काढू नका. सगळे माना डोलवायचे. जाळी नानांनी पहिल्याच महिन्यात उपटून काढली होती, पाणी लवकर जावं म्हणून. त्यामुळे सिंकच्या तोंडाला नुसतं मोठं भोक उरलं होतं. मी दोनदा जाळी आणून बसवली, दोनदा ती खिडकीत सापडली.

आमच्या सिंकचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र घरात राहत नव्हता. ती शिरपूरकडच्या आमच्या गावी राहायची. नानांच्या थोरल्या भावाची बायको, सगळ्यांची अक्का. आबा, म्हणजे तिचे यजमान, वारल्यापासून भाऊबंदकीत तिचा शब्द शेवटचा. पहिल्यांदा ती आमच्याकडे आली, आईला सिंकपाशी उभी पाहिली आणि दारातच थबकली. "उभं राहीसन भांडा घासस?" ती म्हणाली. "आते आडं पडीसन भाकरी करशी का?" पुढल्या खोलीत पुरुष हसले. आईने फक्त नळ बारीक केला. त्यानंतर अक्का जेव्हा यायची तेव्हा एखादी तरी चापट सिंकला मारायचीच. पितळेचं पातेलं त्यात नीट बसत नाही, पाणी अंगावर उडतं, खरकट्याचा वास ओट्यावर येतो. यातलं निम्मं खरं होतं म्हणून मला जास्त राग यायचा. नाना तिच्यापुढे मान डोलवायचे आणि ती गेली की दोन दिवस घरात पुटपुटायचे, मोरीच बरी होती.

त्या वर्षी कानबाई देवीची पाळी आमची होती. आमच्या भाऊबंदकीत ती आळीपाळीने बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पाटावर नारळ मांडून, नथ-दागिने घालून, साडी नेसवून तिला बसवायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्याला न्यायची. आणि तिचे रोट. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन दळायचे, त्या पिठाचं जे होईल ते फक्त घरच्यांनी खायचं. परक्याच्या पानात त्यातला घास जायला नको. बाकी घरांतून काय काय नेम असतील ते असोत, आमच्यात आणखी एक होता आणि तो फार कडक होता. रोटाचं खरकटं, भांडी विसळलेलं पाणी, हात धुतलेलं पाणीसुद्धा वाहून जाऊ द्यायचं नाही. गावी परसात खड्डा खणायचे, सगळं त्यात, वरून माती. आता वरच्या मजल्यावर खड्डा कुठे खणायचा? आणि आमच्या सिंकची नळी तर भिंतीतून बाहेर जाऊन खालच्या उघड्या गटारीत सुटत होती.

यावर आठवडाभर खल झाला. मी सुचवलं, ट्रॅप काढून ठेवते आणि भोकाखाली सरळ बादली लावते, एक थेंब बाहेर जाणार नाही. नाना म्हणाले, "तू मध्ये बोलू नको." शेवटी ठरलं असं की त्या दोन दिवसांत सिंक वापरायचंच नाही. त्याच्यावर लाकडी पाट टाकून ठेवायचा. भांडी जमिनीवर घमेल्यात घासायची, पाणी तेलाच्या रिकाम्या डब्यांत साठवायचं आणि अक्काने ते डबे गावी नेऊन खड्ड्यात ओतायचे. डबे बसमधून न्यायचे, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आणि मग नाना आईला म्हणाले, सगळ्यांच्या देखत, "या दोन दिवसांत जर त्या सिंकात रोटाचं काही गेलं, तर मी ते फोडून टाकीन. परत मोरी." त्यांनी हे अक्काला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं हे मला कळत होतं, पण एकदा सगळ्यांसमोर बोललेला शब्द नाना मागे घेत नसत. आईलाही ते कळत होतं. त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी सिंक लिंबाच्या सालीने घासून कोरडं पुसायची. मला ते बघवायचं नाही.

रविवार उजाडला. भाऊबंद आदल्या दिवसापासूनच आले होते. पुढच्या खोलीत बायका कानबाईची गाणी म्हणत तिला सजवत होत्या, गॅलरीत पुरुष विड्या ओढत बसले होते. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, खीर आटत होती, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी फोडणीला पडली होती, आणि जमिनीवर घमेल्याशी बसून आई भांड्यांचा ढीग उपसत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अक्का पुढे पूजेत बसू शकत नव्हती, विधवा बाईला तिथे जागा नव्हती. म्हणून नेम राखायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं आणि ती ते फार चोख करत होती. कुणी तांब्या कुठे विसळला, कुणाचं बोट कुठे लागलं, सगळ्यावर तिची नजर. मध्येच पुढून हाक आली, नथीचा फासा बसेना, आईला बोलवा. अक्का म्हणाली, "तू जाय शकू, मी करस." आई गेली, तिच्यामागे मी.

नथ बसवून आम्ही परत आलो आणि दारातच थांबलो. अक्काने सिंकवरचा पाट काढून भिंतीला लावला होता. सिंकच्या भोकात तिने रोटाच्या कणकेचा चांगला लिंबाएवढा गोळा दाबून बसवला होता. खिरीच्या पातेल्याच्या झाकणाला वाफ जाऊ नये म्हणून कणीक लावतात ना, तसा. आणि सिंकमध्ये पाणी भरून ती पातेली घासत होती. उभ्याने. पदर खोचलेला, एक हात कमरेवर. एक पातेलं झालं की घाण पाणी तांब्याने उपसून डब्यात ओतायची, सांडू न देता. तिच्या तोंडावर इतका आराम मी कधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं, पार गॅलरीपर्यंत. "तू काही पाहिलं नाहीस," ती म्हणाली. आम्ही पुन्हा आत गेलो तेव्हा पाट सिंकवर होता आणि अक्का घमेल्यापाशी बसली होती.

आता इथे माझ्यासारख्या सिंकच्या जाणकाराला एक गोष्ट सांगावीशी वाटते. कणकेने झाकण बंद होतं, भोक नाही. कणीक पाण्यात भिजत राहिली की तिचा चिकटपणा सुटतो आणि ती लोण्यासारखी मऊ होते. अक्काने तळाशी थोडं पाणी तसंच ठेवलं होतं, घाईत पूर्ण उपसलं नव्हतं. जाळी नव्हतीच, ती नानांच्या कृपेने खिडकीत होती. पंगती बसल्या, उठल्या, कानबाईला नैवेद्य झाला, आणि पाटाखाली तो गोळा सगळा वेळ भिजत, फुगत, हळूहळू खाली सरकत होता.

जेवणं झाल्यावर नाना काडेपेटी शोधायला आत आले. ओट्यावर मिळेना म्हणून त्यांनी पाट उचलला. सिंकमध्ये पांढरं गढूळ पाणी होतं. ते बघून नानांनी आईकडे पाहिलं. "हे काय?" आई गप्प. "वापरलंस तू?" आईने पदराला हात पुसले. नानांनी मग स्वतःच उपाय केला, तोही नेहमीचा, बिनडोक. चुलीवर उकळत असलेलं पाणी उचललं आणि ओतलं. दारात उभी असलेली अक्का एकदम म्हणाली, "ऊनं पाणी नको टाकू रे नाना." का ते तिने सांगितलं नाही. पाणी टाकून झालं होतं. उकळत्या पाण्याने कणीक विरघळत नाही, शिजते. नळीत जिथे होती तिथे तिची बट्टी झाली आणि पाणी होतं तिथेच तुंबलं.

नानांनी बाह्या सरसावून भोकात बोट घातलं, आणि बोटावर चिकटून आली ती कणीक. तोपर्यंत दारात सगळे जमले होते. एक म्हातारे काका म्हणाले, "रोटनी कणिक शे ही." पुढच्या खोलीत गाणं म्हणणाऱ्या बायका थांबल्या. नेहमी तुंबलं की आपण खाली ढकलतो, दाबतो, कोंडलेलं पुढे पाठवतो. इथे उलटं होतं. ही कणीक पुढे गेली की गटारीत गेली. जे काही करायचं ते तिला वर आणायला करायचं होतं, आणि याचा कुणालाच अनुभव नव्हता. काका म्हणाले, "फोडनं पडी." दुसरं कुणी म्हणालं, कानबाईनेच दाखवून दिलं, असलं घरात नको होतं. नाना खाली गेले आणि मालकांकडून छिन्नी-हातोडा घेऊन आले. "ट्रॅप सोडून काढता येईल," मी म्हणत होते, "नाना, मी काढते, फोडायची गरज नाही," पण माझ्याकडे बघायलाही कुणाला वेळ नव्हता. मी अक्काकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. आईकडे पाहिलं, ती सिंककडे बघत होती. मला दोघींचा इतका संताप आला की रडू फुटलं. एकीला एक शब्द बोलायचा होता आणि दुसरीला तोच शब्द बोलायचा होता, आणि दोघी पुतळ्यासारख्या उभ्या.

नानांनी कडप्प्याच्या कडेला छिन्नी लावली, आणि आई पुढे झाली. तिने त्यांचा हात धरला नाही. ओट्याला पाठ लावून उभी राहिली, इतकंच. आवाज चढवला नाही, आम्ही घरात बोलतो तशीच बोलली. "फोडा. तुम्ही म्हणाला होतात, तर फोडा. पण यापुढची भांडी तुम्ही घासा, नाहीतर बाई लावा, नाहीतर तशीच पडू द्या. मी परत खाली बसणार नाही. मला खाली बसून उठता येत नाही. आज सकाळपासून बसले, आता नाही." एवढ्या माणसांत, पुढच्या खोलीत कानबाई बसलेली असताना, नवऱ्याला तोंडावर नाही म्हणालेली बाई आमच्या घराण्यात मी तोवर पाहिली नव्हती. तिने दोन्ही हात पदरात धरले. नाना छिन्नी हातात घेऊन तसेच उभे. त्यांना पुढे काय करायचं ते कळेना.

"ठेव तो हातोडा, नाना," अक्का म्हणाली. ती दारातून आत आली. "शकूनी नही, मी वापरं ते. कणिकबी मीच लाई व्हती." नाना तिच्याकडे बघतच राहिले. "तू? तू तर अक्का..." "हां, मी," ती म्हणाली. "मना गुडघा वाकतस नही आते. खाले बसनू तर दोन जणी लागतस उठाडाले. तुम्हले कोनले दिसनं का ते कधी?" म्हातारे काका खाकरले आणि गॅलरीत गेले, त्यांच्यामागे एकेक करून बाकीचेही. मला वाटत होतं आता काहीतरी मोठं होईल, भांडण होईल, प्रायश्चित्त सांगितलं जाईल. काही झालं नाही. लोकांना शिक्षा द्यायला दुबळं माणूस लागतं, आणि अक्का तशी नव्हती.

मग मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली. मी सिंकखाली शिरले. नानांना बादली धरायला लावली आणि ती त्यांनी वाकडी धरली. वरचं पाणी आधी तांब्याने डब्यात उपसलं. मग फिरकी सोडली, ट्रॅप निघाला, त्यात अर्धा गोळा होताच. उरलेला भिंतीकडे जाणाऱ्या नळीत शिजून बसला होता. नळीचं ते टोक भिंतीतल्या तोंडात नुसतं खोवलेलं असतं, फिरवत ओढलं की येतं. ते ओढून काढलं, परातीवर उभं धरलं आणि दुसऱ्या बाजूने पापडाच्या बारीक लाटण्याने दाबलं. सोऱ्यातून शेव पडावी तशी कणीक परातीत पडली. बाहेर काही गेलं होतं का हे बघायला नाना खाली गटारीपाशी जाऊन आले. गेलं नव्हतं. म्हणजे असं त्यांनी सांगितलं. कालवे बांधणाऱ्या माणसाचं सांगणं म्हणून सगळ्यांनी ते मानलं. ट्रॅप, नळी, वॉशर, सगळं विसळलेलं पाणीसुद्धा अक्काने डब्यात भरून घेतलं. त्यात माझे हात धुतलेलंही. मी घामाने आणि पिठाने माखले होते, आणि नाना पुढच्या खोलीत कुणाला तरी सांगत होते, "उतार चुकलाय, दुसरं काही नाही."

सोमवारी कानबाईला मेहरूणच्या तलावावर पोचवलं. नारळ पाण्यात गेला, बायकांनी फुगड्या घातल्या, आणि दुपारी आम्ही अक्काला शिरपूरच्या बसमध्ये बसवून द्यायला स्टँडवर गेलो. नाना आले नाहीत, त्यांना कामावर जायचं होतं. आई, मी, अक्का आणि ते डबे. तोंडाला फडकी बांधलेली, आणि सगळ्यात लहान डबा, ज्यात कणीक होती, तो अक्काच्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?" आई म्हणाली, "पाणी." "पाणी कुठे नेता?" "घर," अक्का म्हणाली, आणि तो बिचारा पुढे गेला. मी आजही विचार करते, की एवढ्या मोठ्या जिल्ह्यातून भांड्यांचं पाणी तिकिटावर नेणारं आमचं एकच घराणं असेल.

बस सुटायला वेळ होता. अक्का खिडकीशी बसली होती, आई खाली उभी, आणि मी दोघींच्या मध्ये उन्हात. अक्का बराच वेळ डब्यावरचं फडकं नीट करत राहिली. मग आईकडे न बघता म्हणाली, "तुले माहीत व्हतं ना?"

"हो," आई म्हणाली. "दारातून पाहिलं होतं."

"मंग काबर बोलनी नही? तुनं सिंक फुटी जातं ना."

आईने खिडकीच्या गजाला हात लावला. मला वाटलं ती म्हणेल, मोठ्या माणसाचं कसं सांगणार, किंवा देवाचं कार्य होतं म्हणून. तसं काही तिने म्हटलं नाही. "धीर झाला नाही, अक्का," ती म्हणाली.

अक्काने मान हलवली. "मालेबी कोठे व्हता," ती म्हणाली. "तू बोलनी, तवय माले धीर उना."

मग बस हलली. आईने हात वर केला नाही, अक्कानेही नाही. घरी रोटाची सोडून बाकीची दोन दिवसांची भांडी साचून राहिली होती, आणि आईने पदर तिथेच, स्टँडवरच, खोचला.